दोन घरांचा शब्द

'बरं' म्हणजे नक्की काय, हे ठरल्याशिवाय आमचे सर 'बरा आहे' असं कधी म्हणाले नाहीत. कुणी 'कसे आहात सर?' विचारलं की ते चष्मा काढायचे, पुसायचे आणि शांतपणे विचारायचे, 'कशाच्या तुलनेत?' समोरचा बिचारा बोईसर स्टेशनबाहेर भाजीची पिशवी घेऊन उभा. त्याला कसली तुलना करायची होती? पुढच्या खेपेला सर लांबून दिसले की तो मुकाट्याने रस्ता ओलांडायचा. सरांना मात्र वाटायचं, बोईसरचे लोक फार घाईत असतात.

एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षात होते. रिक्षावाला म्हणाला, "साब, थोड़ा आगे छोड़ दूँ? इधर खुदाई चालू है।" सरांनी विचारलं, "थोडा मतलब कितना?" रिक्षावाल्याने मान वळवून त्यांना नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, "मतलब, जितना पैदल वापस आने में आप मुझे गाली देंगे, उतना।" सरांना ही व्याख्या इतकी आवडली की ते दिवसभर ती सगळ्यांना सांगत होते. उतरून परत चालत येताना सामान मात्र मलाच उचलावं लागलं.

सर आयुष्यभर उपग्रहांच्या कामात होते. वरून पृथ्वीकडे बघणारे उपग्रह असतात ना, ढग, समुद्र, शेतं बघणारे, ते. निवृत्त झाल्यावर बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, माहेर चिंचणीला म्हणून ते बोईसरला येऊन राहिले. इथे ते शांतपणे आंब्याला पाणी घालत म्हातारे झाले असते, तर माझा जीव वाचला असता. पण सरकारच्या एका खात्याला किनाऱ्यावर नजर ठेवणारे छोटे उपग्रह हवे होते. वादळ, होड्या, खाड्या, वाडीतल्या केळी-पोफळीचं नुकसान, सगळं वरून दिसावं म्हणून. खात्याने आराखडे मागवले. तीन गटांनी दिले. आणि वाचायला बसल्यावर साहेबलोकांच्या लक्षात आलं की तिन्हींत काय फरक आहे तेच समजत नाही.

तिन्हींत लिहिलं होतं, 'दररोज निरीक्षण'. एकाचं दररोज म्हणजे उपग्रह रोज डोक्यावरून जाणार. दुसऱ्याचं दररोज म्हणजे रोज फोटो हातात मिळणार. तिसऱ्याचं दररोज म्हणजे आभाळ मोकळं असेल तर. आता आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ कधी मोकळं असतं? मग तो दररोज काय चाटायचा? खात्याने कपाळावर हात मारला आणि सरांना सल्लागार नेमलं. सर म्हणाले, येतो, पण मुंबईला येणार नाही, तिथे विशेषणं फार आहेत. शेवटी खातंच बोईसरला आलं. तारापूर रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि तिथे सरांचा सामाईक शब्दसंग्रह सुरू झाला.

कल्पना साधी होती. आधी सगळ्यांनी मिळून शब्द ठरवायचे. फेरी म्हणजे काय, पट्टा म्हणजे काय, बारकाई कशी मोजायची. मग प्रत्येक गटाने आपला आराखडा फक्त त्याच शब्दांत पुन्हा लिहायचा. जे त्या शब्दांत बसणार नाही ते लिहायचं नाही. मग संगणक सगळे आराखडे शेजारी शेजारी मांडणार आणि गुण देणार. खरं सांगते, दात-ओठ खाऊन का होईना पण सांगते, कल्पना चांगली होती. सरांच्या जागी दुसरा कुणी सरळ डोक्याचा माणूस असता तर मी त्याची आरती ओवाळली असती.

पण सर होते. व्याख्या नसलेला शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला की सर बोट मोरीकडे दाखवायचे. "चूळ भरून या." अक्षरशः! मुंबईहून सूट घालून आलेला एक साहेब 'जागतिक दर्जाचं' म्हणाला आणि मोरीवर गेला. परत येऊन 'सॉरी सर, माझ्या मते हे उत्कृष्ट' म्हणाला आणि परत गेला. आम्ही सगळे वहीत तोंड खुपसून हसत होतो. मी स्वतः 'अत्याधुनिक'साठी इतक्यांदा चूळ भरली आहे की आता तो शब्द तोंडात आला की टूथपेस्टची चव येते.

आणि शब्द एकदा ठरला की त्याचं बारसं! पेढे यायचे. ज्याने शब्द सुचवला असेल तो त्या शब्दाची आत्या. मग पुरुष का असेना. आत्याने संगणकाजवळ वाकून शब्द हळूच उच्चारायचा, मग सर तो आत टाकणार, मग पेढे. 'पट्टा' या शब्दाच्या बारशाला पुण्याचा एक दाढीवाला इंजिनिअर आत्या होता. त्याने लाजत लाजत संगणकाच्या कानात 'पट्टा' म्हटलं. हे सगळं सरकारी कामकाज म्हणून चाललं होतं हो!

सर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. मला, चहावाल्याला, जिन्याखालच्या कुत्र्याला. "तुम्ही जरा सरका," असं त्याला सांगून मगच जिना चढायचे. कुत्रा सरकायचा नाही. सर वाट बघत उभे राहायचे आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे.

घरी वेगळी गत नव्हती. काकू गणिताच्या शिक्षिका, शाळेतून निवृत्त झालेल्या, तोंडाने तिखट. सर जेवताना म्हणायचे, "मीठ कमी आहे." काकू म्हणायच्या, "कशाच्या तुलनेत?" सर म्हणायचे, "कालच्या." काकू म्हणायच्या, "काल जास्त झालं होतं, तेव्हा तुम्ही बोलला नाहीत." यावर सर पानात मीठ वाढून घ्यायचे. ऑफिसातून घरी नेलेली प्रत्येक व्याख्या रात्रीत निम्मी होऊन सकाळी परत यायची, लाल पेनाने खाडाखोड केलेली. अक्षर सरांचं नव्हतं. पण खात्याच्या बैठकीत सर ती वाचून दाखवायचे तेव्हा सगळे म्हणायचे, वा सर, तुमची भाषा काय धारदार!

बाजारात तर त्यांना नेऊच नये. बोईसरच्या मासळीबाजारात एकदा त्यांनी विचारलं, "हे ताजं म्हणजे किती वेळापूर्वीचं?" कोळीणबाई पहिल्यांदा गोड बोलली. "दादा, सकालचा हाय." "सकाळ म्हणजे समुद्रातून काढल्यापासून की होडी किनाऱ्याला लागल्यापासून?" मग मात्र ती उठलीच. "तुमाला मासा खायचा हाय का त्याची पत्रिका मांडायची हाय? चला, पुढं व्हा!" मी शेजारून लांब सरकले. ती बाई माझ्या मावशीच्या ओळखीची निघाली असती तर दातिवऱ्यापर्यंत बोंब गेली असती.

हो, मी दातिवऱ्याची. वडील आणि भाऊ समुद्रावर. मी शिकले आणि तिघा मित्रांबरोबर सालवडच्या रस्त्याला एका गाळ्यात आमची छोटी कंपनी काढली. खात्याकडे आलेल्या तीन आराखड्यांतला सगळ्यात लहान आमचा. तो मंजूर झाला तर कंपनी जगणार, नाही तर गाळ्याला कुलूप. मधला काही मार्गच नव्हता.

आराखड्यात आमचे उपग्रह दोनच. पण त्यात एक गोष्ट होती जी बाकी कुणाकडे नव्हती, आणि ती मला सुचली होती. लहानपणी मी वडिलांच्या होडीत जायचे. पुढच्या होडीला पाणी वेगळं दिसलं की तिच्यावरचा माणूस मागच्या होडीला हात करायचा. मागची होडी तिकडे वळायची. किनाऱ्यावर येऊन विचारायला कोण जातं? आमचे उपग्रह तसेच होते. पुढचा उपग्रह रुंद बघणार, ढोबळ बघणार. समुद्रावर कुठे काही जमायला लागलेलं दिसलं की तो मागून येणाऱ्याला परस्पर सांगणार, इकडे बघ. मागचा बारीक बघणारा डोळा लगेच तिकडे वळवणार. खाली जमिनीवरच्या माणसाच्या हुकुमाची वाट बघायची नाही. वादळ अंगावर येण्याआधी होड्यांना निरोप मिळावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आम्ही त्याला 'खूण' म्हणायचो.

पहिली चाचणी झाली. आम्ही आमचा आराखडा शब्दसंग्रहाच्या शब्दांत लिहून दिला. त्यात उपग्रहाला शब्द होता, उपकरणाला होता, कक्षेला होता. एक उपग्रह दुसऱ्याला काही सांगतो, याला शब्दच नव्हता. तर ते आम्ही लिहिणार कसं? संगणकाने आराखडा वाचला आणि निकाल दिला, 'दुसरा उपग्रह पहिल्याच्याच मागून त्याच जागेवरून जातो. पुनरावृत्ती. गरज नाही.' आणि आम्हाला तळाला टाकलं.

मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. "सर, 'खूण' हा शब्द घ्या."

"कोणाकोणाच्या आराखड्यात आहे?"

"आमच्या."

"आणखी?"

"आणखी कुणाच्या कसा असेल? आम्हालाच सुचलंय."

सरांनी चष्मा काढला. "मग तो सामाईक नाही. एका घरात बोलतात ते लाडाचं नाव. दोन घरांत बोलतात तो शब्द." हे त्यांचं लाडकं वाक्य. आम्ही सगळ्यांनी ते शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा माना डोलावल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला आणि डोकं गरगरलं. नवी कल्पना म्हणजे जी दुसऱ्या कुणाला सुचलेली नाही ती. आणि सरांच्या नियमाने, दुसऱ्या कुणाला सुचेपर्यंत ती जगातच नाही. म्हणजे जुनंपुराणं काही आणलं असतं तर सुखाने गुण मिळाले असते!

मी भांडले. मी समजावलं. मी फळ्यावर दोन होड्या काढून दाखवल्या. सर म्हणाले, "चित्र छान आहे," आणि स्वतःच उठून मोरीवर चूळ भरून आले, कारण 'छान'ची व्याख्या झालेली नव्हती. असल्या माणसाला काय करायचं? आईने दातिवऱ्याहून पापलेटं पाठवली, ती मी त्यांच्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आल्या आल्या म्हणाले, "पापलेट चांगली होती. शब्द घेता येणार नाही." चूळ भरायला मात्र विसरले.

राहता राहिला एकच उपाय. दुसरं घर शोधायचं.

पुण्याचा गट फोन उचलत नव्हता. दुसरा गट म्हणजे एक मोठी कंपनी, आणि तिच्या आराखड्याचं काम बघणारा आमच्या इथलाच, केळव्याजवळच्या माहीमचा. वाडीवाल्यांच्या घरचा, गोड बोलणारा, सरांचा सगळ्यात आवडता. त्याने आजवर एकदाही चूळ भरली नव्हती. आराखडे सुधारायला अजून मुदत होती. मी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येडी का खुली गो तू? जालं कुटं टाकायचं ते कोन सांगतो का दुसऱ्याला?"

"आई, सांगितलं नाही तर माझी होडीच पाण्यात जात नाही."

"मग सांग. पन मागनं रडू नको."

स्टेशनजवळच्या टपरीवर मी त्या माहीमकराला चहा पाजला आणि खूण समजावून सांगितली. वाटलं होतं, वाद घालेल, प्रश्न विचारेल. त्याने कपातला चहा संपायच्या आत मान हलवली. "अगं, एवढंच ना? टाकतो की आमच्यात पण. तुझा शब्द होऊन जाईल. आपल्याच माणसांनी आपल्या माणसांना मदत नाही करायची तर कुणी?" मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी एक कटिंग पाजली. त्याने दुसऱ्याच दिवशी सरांना पत्र दिलं, आमच्याही आराखड्यात खूण आहे म्हणून.

सर आनंदाने उडालेच. दोन घरं झाली! व्याख्येवरून मग रणं माजली. खूण म्हणजे हुकूम का निरोप? मागच्याने ऐकलंच पाहिजे का? पुढचा चुकला तर? शेवटी काकूंच्या लाल पेनातून एक ओळ बाहेर आली आणि वाद मिटला. बारशाला मी आत्या. संगणकाजवळ वाकून मी 'खूण' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हसा हवं तर. माझं पोर होतं ते. माहीमकराने मला आपल्या हाताने पेढा भरवला.

निकाल पालघरला, खात्याच्या सभागृहात लागला. पडद्यावर तिन्ही आराखडे शेजारी शेजारी. माझा आराखडा तळातून वर आला होता. मागच्या वेळी 'गरज नाही' म्हणणारा तोच संगणक आता म्हणत होता, 'दुसरा उपग्रह आवश्यक.' मी मित्राचा हात घट्ट धरला. आणि मग वरची ओळ वाचली. मोठ्या कंपनीकडे आमच्यासारखे दोन नव्हते, उपग्रहांची रांगच होती. इतके दिवस ते नुसते एकामागून एक फिरत होते. आता त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्याला खूण करत होता. दोघांच्या जागी रांग बोलायला लागली तर काय होतं, ते शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. आम्ही दुसरे आलो. दुसऱ्याला खातं काय देतं? पुष्पगुच्छ देतं.

टाळ्या थांबल्यावर सर उभे राहिले. मला वाटलं, आता तरी! आणि खरंच, ते म्हणाले, "नोंद म्हणून सांगतो, खूण हा शब्द मूळ यांचा आहे." त्यांनी माझ्याकडे हात केला. माहीमकर हसत उठला. "सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. शब्द एकदा सामाईक झाला की त्याला मालक नसतो. तुलना आराखड्यांची असते, माणसांची नसते."

सरांचा चेहरा उजळला. हो, उजळला! वर्गातल्या हुशार मुलाने अवघड पाठ न चुकता म्हणून दाखवावा, तसे ते त्याच्याकडे बघत राहिले, मान डोलावली आणि खाली बसले. त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. माहीमकराचाही नाही. तो चोर होता, आणि चोर चोरीच करतो. पण हे तर सज्जन होते ना!

महिन्याभरात गाळ्याला कुलूप लागलं. मित्र पांगले. मग त्या मोठ्या कंपनीतून मला फोन आला. खुणेचं काम त्यांच्या कुणाला जमत नव्हतं, तर मी नोकरीवर येईन का? मी फोन ठेवला आणि तडक सरांच्या घरी गेले, भांडायला. दुपारची वेळ. सर ओसरीवर बसले होते, काकू आत पोळ्या करत होत्या.

"घ्या ती नोकरी," सर म्हणाले. "खूण तुमच्याशिवाय त्यांना जमणार नाही."

"सर, डोकं माझं, आता राबायचंही मीच, आणि नाव त्याचं. याला तुमच्या संग्रहात काय म्हणतात? एक शब्द द्या मला. एकच!"

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं, टाळतील. पण त्यांनी खरंच विचार केला, बराच वेळ. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. मग दुःखाने म्हणाले, "असा शब्द नाही. आणि घेताही येणार नाही. तुमचं एकच घर आहे."

काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "एकच घर?" त्या म्हणाल्या. "अहो, डोकं बाईचं, राबणं बाईचं आणि दारावर पाटी पुरुषाची, याला संसार म्हणतात. दोन कशाला, घराघरांत चालतो हा शब्द." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जेवून जा."

जेवून मी निघाले तेव्हा सर फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मी चुकलो असं वाटतं," आणि लगेच कासावीस होऊन जमिनीकडे बघायला लागले. कशाच्या तुलनेत, ते त्यांना सांगता येत नव्हतं. मलाही त्यांना मदत करावीशी वाटली नाही.

सोमवारी मी त्या कंपनीत रुजू झाले. दुसरं करणार काय? टेबलावर शब्दसंग्रहाची कोरी करकरीत प्रत ठेवली होती, 'खूण' या पानावर उघडून. शेजारी एक तरतरीत इंजिनिअर मला काम समजावून द्यायला खुर्ची ओढून बसला होता. नुकताच कॉलेजातून आलेला, शर्टाची घडीही मोडली नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला, "ही आमच्या माहीमच्या सरांची स्वतःची संकल्पना आहे. सुरुवातीला जरा अवघड वाटेल. पण घाबरू नका, हळूहळू जमेल तुम्हाला."